कालव्याच्या कडेने चालायला आणि सायकलला एकच ट्रॅक मागावा का? (पुणे)

हडपसरचा_बाबा:
आमच्या सोसायटीतले आठ-दहा जण मिळून महापालिकेला अर्ज देतोय. मुठा उजवा कालवा खडकवासल्यापासून पर्वती, स्वारगेट करत इकडे हडपसरला येतो, त्याच्या कडेचा मातीचा रस्ता नुसता पडून आहे, सकाळी लोक चालतात पण मधेमधे कचरा, झुडपं आणि संध्याकाळी मिट्ट अंधार. मुलगी आठवीत आहे, तिला सोलापूर रोडवरून सायकलने पाठवायची माझी हिंमत होत नाही. चालणारे आणि सायकलवाले एकत्र चालतील का, की वेगळं मागू?

रोज_सायकल:
एकत्र चालेल, पण रुंदी दहा फुटांच्या खाली घेऊ नका. पाच-सहा फुटांत दोन आजोबा शेजारीशेजारी चालत असले की मागून घंटी वाजवावी तर ते दचकतात, नाही वाजवली तर आपण अंगावर जातो. आणि पेव्हर ब्लॉक नको म्हणून स्पष्ट लिहा, वर्षभरात एकेक कोपरा वर येतो, मी पावसात असाच एका कोपऱ्यावरून घसरून मनगट मोडून घेतलंय. डांबर घाला.

पाटबंधारे_निवृत्त:
कालवा जलसंपदा विभागाचा आहे, महापालिकेचा नाही, तेव्हा अर्ज दोन्हीकडे द्या. तो रस्ता मुळात देखभालीचा, गाळ काढायला पोकलेन तिथूनच येतो, म्हणून रेलिंग मधेमधे काढता येईल असं हवं. दिव्यांच्या खांबांसाठी भराव वाटेल तसा खोदायचा नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला, पाणी थेट घरांत शिरलं, संसार वाहून गेले, ते विसरून चालणार नाही. रोज चालणाऱ्यांनी बाहेरच्या उतारावर ओल किंवा घुशींची बिळं दिसली की लगेच कळवायचं. आणखी एक, खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना आहे, पाणी बोगद्यातून गेलं की शहरातली ही जागा मोकळी होईल आणि सगळे तिथे गाड्यांचा रस्ता मागतील, म्हणून तुमची मागणी आत्ताच कागदावर येऊ द्या.

पर्वती_पायथा:
आम्ही कालव्याच्या खालच्या अंगाला राहतो. ट्रॅक जरूर करा पण भिंत घालून आमची वाट बंद करू नका, पोरं शाळेत तिथूनच जातात. कडा गुळगुळीत आहेत, पाय घसरून आत पडलं तर धरायला काही नाही, ठराविक अंतरावर लोखंडी शिड्या आणि साखळी पाहिजेच. बायकांना संध्याकाळी चालता यावं म्हणून दिवे हवेत. आणि टू-व्हीलर आत येणार नाही असं काहीतरी करा.

रोज_सायकल:
टू-व्हीलरचंच अवघड आहे, व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरपण जाते. खांब लावाच, पण सकाळ-संध्याकाळ तिथे माणूस उभा असल्याशिवाय ते थांबणार नाही.

हडपसरचा_बाबा:
काका, जलसंपदाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, खूप आभार. ताई, शिड्या, साखळी आणि तुमची वाट अर्जात सगळ्यात वर घेतो. रविवारी सकाळी साडेसहाला टेप घेऊन आमच्या बाजूची रुंदी मोजतोय, पर्वतीच्या बाजूला कोणी मोजेल का?