मदत हवी आहे: आमची चिमी गाभण आहे का?

नमस्कार मंडळी,

मांजरवाल्यांनी जरा मदत करा. आई म्हणते शंभर टक्के गाभण, मला तसं मानायचं नाहीये. आधी सगळं सांगते, लांबलं तर सांभाळून घ्या.

चिमी आमची तिरंगी गावठी मांजर, साधारण नऊ महिन्यांची. मिरगाच्या पावसात लाकडांच्या खोपीत सापडली तेव्हा तळहातावर मावत होती. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो, कौलारू घर, मागे माडाची बाग. तिला घरातच ठेवतो, पण कौलारू घरात मांजर कोंडणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं.

डिसेंबरात ती पहिल्यांदा माजावर आली. आम्हाला वाटलं पोटात दुखतंय. रात्रभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर आणि शेपटी एका बाजूला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पण तेवढ्यात ती शिंकायला लागली म्हणून पुढे ढकललं. मग मावसभावाचं लग्न आलं. मग मीच ढकललं. चूक माझी आहे, त्यावरून बोलणी खायची तयारी आहे.

भोगीच्या दिवशी, १३ जानेवारीला, मी तीळ लावून भाकऱ्या थापत होते. आई राख टाकायला मागच्या दारी गेली आणि चिमी तिच्या पायातून सटकली. आली ती दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या रात्री. मानेवरचे केस ओले आणि चिकटलेले. कान फाटलेला एक पिवळा बोका आठवडाभर आमच्या पडवीवर तळ ठोकून होताच.

आज ७ फेब्रुवारी, म्हणजे २५ दिवस झाले. त्यानंतर माज आलेला नाही. मंगळवारी ती उन्हात पोट वर करून झोपली होती तेव्हा पाहिलं तर सड गुलाबी आणि टपोरे झालेत, भोवतालचे केसही विरळ. आधी ते शोधावे लागायचे. एकदा सकाळी उलटी केली. कापडी पिशवीत घालून बाबांच्या ताणकाट्याला टांगली तर २ किलो ९०० भरली, जानेवारीच्या सुरुवातीला २ किलो ६०० होती. (ताणकाटा काजू मोजायचा आहे, फार विश्वास ठेवू नका.)

पोट अजून दिसत नाही. मग हे नक्की काय? जंतांमुळे असेल का? जंताचं औषध द्यायची वेळ झालीय, देऊ का? आणि गाभण असेल तर आता ऑपरेशन होतं की उशीर झाला? इथले डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर जीव टांगणीला.

अजून एक. माझी ताई पहिल्या बाळंतपणाला मार्चमध्ये माहेरी येतेय. शेजारच्या काकू रोज येऊन सांगतात, गरोदर बाईच्या घरात मांजर नको. खरं आहे का?

---

प्रतिसाद १

अगो, सड गुलाबी झाले म्हणजे पोटुशीच आहे. पहिलटकरणीचे तर लगेच दिसतात. आमच्याकडे आजवर सात-आठ मांजरी व्याल्या, प्रत्येकीचं तिसऱ्या आठवड्यात असंच. पोट दिसायला पाचवा आठवडा उजाडतो. आता आईला सांग एक खोका अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायला. अर्थात ती तिथे विणार नाही, तिला हवं तिथेच विणार, आणि मग पिल्लांना सात घरं दाखवणार.

---

प्रतिसाद २

मी डॉक्टर नाही, पण घरात पाच मांजरं आहेत आणि चुका करून शिकलोय.

मांजरीत बोक्याशी संबंध आल्यावरच बीज सुटतं. त्यामुळे माजावरची मांजर दोन दिवस बाहेर राहिली तर गाभण राहण्याची शक्यता खूपच. पण खोटं गाभणपणही असतं. बीज सुटतं, गर्भ राहत नाही, तरी माज महिना-सव्वा महिना थांबतो आणि काहींचे सडही फुगतात. म्हणून नुसत्या सडांवर जाऊ नका. जंतांनी पोट फुगतं, सड गुलाबी होत नाहीत.

खात्री डॉक्टरच करतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणकार हाताला पोटात गाठी लागतात, तुम्ही बरोबर त्या दिवसांत आहात. घरी मात्र पोट अजिबात दाबून पाहू नका. सोनोग्राफीत आता ठोके दिसतील. पिल्लं मोजायची तर एक्स-रे, तो ४५ दिवसांनंतर, कारण त्याआधी हाडं उमटत नाहीत. दिवस साधारण ६३ ते ६५ धरा.

जंताचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, सगळी औषधं गाभणपणात चालत नाहीत. लसही आता राहू द्या. ताप वाटला म्हणून क्रोसिन वगैरे तर कधीच नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. खायला मांजराच्या पिल्लांचं खाणं द्या, त्यात प्रथिनं जास्त असतात. आईंना म्हणावं वाटीभर दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात.

---

प्रतिसाद ३

कोणाला आवडणार नाही, तरी लिहिते. गाभण असतानाही ऑपरेशन होतं. गर्भाशय काढतात, पिल्लं राहत नाहीत. दिवस वाढतात तशा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या होतात आणि जोखीम वाढते, म्हणून ठरवायचं तर याच आठवड्यात. नऊ महिन्यांची मांजर स्वतःच अजून वाढतेय. आणि चार पिल्लांना चार घरं कुठून आणणार? 'देऊन टाकू' म्हणणं सोपं असतं. माझ्याकडची तिरंगी पिल्लं मुलीच निघाली (तिरंगी जवळपास नेहमीच मादी असते) आणि मुली कोणी घेत नाही.

---

प्रतिसाद ४

वरच्या ताईंशी सहमत. ठेवायची ठरवलीत तरी दार बंदच ठेवा. व्याल्यावर अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. आम्ही हा धडा दोनदा घेतला, कारण एकदा पुरला नाही.

---

प्रतिसाद २ (पुन्हा)

ताईंबद्दल राहिलंच. काकूंची भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची आहे. तो मांजराच्या शीतून येऊ शकतो, पण शी पडल्या पडल्या धोका नसतो, त्याला एक ते पाच दिवस लागतात. मांजराचा ट्रे रोज साफ करा आणि ते काम ताईंना देऊ नका. बागेत मातीत हात घातला तर स्वच्छ धुवा, मटण नीट शिजवा. चिमीला कच्चं मांस नको आणि उंदीरही खाऊ देऊ नका. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. ताईंच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे काकूंना उत्तर देता येईल.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सोमवारी जाऊन आलो.

डॉक्टरांनी चिमीला टेबलावर उभी केली, एका हाताने छाती धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं पोटाखाली हलकेच सरकवली. डोळे खिडकीकडे, बोलणं माझ्याशी, समोरच्या शेळीवाल्याशी. मग थांबले. म्हणाले, "आहेत. सुपारीएवढ्या गाठी आहेत, तीन तर नक्की." चिमी इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

ऑपरेशनचं विचारलं. करता येतं म्हणाले, पण गाभण मांजर ते स्वतः इथे करत नाहीत, कोल्हापूरला न्यावी लागेल. रात्रभर विचार केला. प्रतिसाद ३ मधलं सगळं पटतं, खरंच पटतं. पण ही बाई रिक्षात दहा मिनिटं बसली तरी लाळ गाळते, तिला आंबा घाटातून न्यायचं, पोट फाडायचं आणि तसंच परत आणायचं, हे माझ्याने होणार नाही. पिल्लं होऊ देतोय. आठ आठवड्यांची झाली की मे महिन्यात चिमीचं ऑपरेशन, तारीख आत्ताच घेतली आहे आणि या वेळी कोणाच्याही लग्नाला जाणार नाही. दोन पिल्लांना घर मिळेलसं वाटतंय. तिसऱ्याचं बघू.

डॉक्टरांनी एवढं सांगितलंय: शेवटच्या दिवसांत थर्मामीटर लावायचा, १०० फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण दिवसभरात विते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही तर वाट न पाहता फोन.

६५ दिवस मोजले तर १९ मार्च येतो. यंदा त्याच दिवशी पाडवा आहे. ताई पाडव्याला येणार.

खोका ठेवला आहे, आत गोणपाट, वर जुनी चादर. चिमीने वास घेतला आणि निघून गेली. आईने ताईच्या बाळाच्या दुपट्यांसाठी आजीची मऊ लुगडी धुऊन, घडी घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आहेत. काल संध्याकाळपासून ती तिथे झोपतेय. आईने दोनदा उचलून खोक्यात ठेवली. आत्ता पाहून आले, पुन्हा तिथेच आहे, आणि आईने कपाटाचं दार तिच्यासाठी अर्धं उघडं ठेवलंय.