सोसायटी ग्रुप: गावाला जाताना ईमेलला आपोआप उत्तर कसं लावायचं

बी-३०२, खजिनदार: नमस्कार मंडळी. १० ते ३० मे मी नागपुरात नाही. सोसायटीचा जीमेल मीच पाहतो. त्यावर ऑटो रिप्लाय लावून ठेवू का? मेंटेनन्सच्या पावत्या अन् कूलरचं पाणी खालच्या गॅलरीत पडण्याच्या तक्रारी त्याच पत्त्यावर येतात.

सी-४०१: काकाजी, सोसायटीच्या पत्त्यावर नका लावू. गावाला तुम्ही चालले, सोसायटी तर इथेच आहे ना. गॅलरीत पाणी पडतंय म्हणून लिहिणाऱ्याला "३० तारखेनंतर बघू" असं उत्तर गेलं तर त्याने काय करायचं? त्यापेक्षा पासवर्ड न देता खातं दुसऱ्याला हाताळायला देता येतं. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, वर उजवीकडे गिअरचं चित्र, सी ऑल सेटिंग्ज, मग अकाउंट्स अँड इम्पोर्ट. तिथे ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट दिसेल, त्यात सेक्रेटरी ताईंचा जीमेल पत्ता टाका. त्यांना एक मेल जाईल. तो आठवड्याच्या आत स्वीकारावा लागतो, नाहीतर त्याची मुदत संपते. स्वीकारल्यावरही खातं दिसायला २४ तास लागू शकतात, म्हणून निघायच्या दिवशी हे करू नका. ताई मेल वाचतील, उत्तर देतील, पुसूही शकतील, पण पासवर्ड त्यांना बदलता येणार नाही.

ए-१०३: माझ्या स्वतःच्या जीमेलवर तर लावायचंच आहे. फोनवरून होतं का?

सी-४०१: होतं काकू. जीमेल ॲपमध्ये डावीकडच्या तीन रेघा, खाली सेटिंग्ज, तुमचं खातं निवडा, मग व्हेकेशन रिस्पॉन्डर. चालू करा, पहिला अन् शेवटचा दिवस टाका, विषय आणि मजकूर लिहा, डन दाबा. कॉम्प्युटरवर हेच जनरल टॅबमध्ये अगदी तळाशी आहे. तिथे सेव्ह चेंजेस दाबायचं राहून जातं, कारण ते बटण पान पूर्ण खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही.

शेवटची तारीख टाकाच. पहिल्या दिवशी रात्री १२ ला सुरू होतं, शेवटच्या दिवशी रात्री ११.५९ ला बंद. तारीख कोरी ठेवली तर तुम्ही हाताने बंद करेपर्यंत चालूच राहतं, अन् जूनमध्ये घरी बसूनही "मी बाहेरगावी आहे" असं जात राहतं.

ए-१०३: मी आत्ता लावून मुलाला मेल करायला सांगितलं. त्याला एकदा उत्तर गेलं, दुसऱ्यांदा गेलंच नाही. बिघडलं काय?

सी-४०१: नाही काकू, तसंच असतं. एका माणसाला जीमेल एकदाच उत्तर देतं. त्याने ४ दिवसांनंतर परत लिहिलं तर पुन्हा देतं. मजकुरात काही बदल करून सेव्ह केलं की मोजणी नव्याने सुरू होते, मग ज्यांना आधी गेलं होतं त्यांनाही परत जाऊ शकतं. म्हणून मजकूर एकदाच नीट लिहा, रोज दुरुस्त्या नकोत. स्पॅममध्ये पडलेल्या मेलला आणि तुम्ही सभासद असलेल्या मेलिंग लिस्टवरून आलेल्याला उत्तर जात नाही.

बी-१०४: काकू, त्याच पानावर "फक्त माझ्या कॉन्टॅक्ट्समधल्यांना उत्तर द्या" असा चौकोन आहे. घरगुती खात्यात तो टिक करा. अनोळखी जाहिरातवाल्याला उत्तर गेलं म्हणजे हा पत्ता चालू आहे हे आपणच त्याला कळवलं. फक्त एक बघा, त्या माणसाचा ईमेल पत्ता कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह हवा, अन् तोही त्याच गुगल खात्यात. नुसता मोबाइल नंबर असून भागत नाही.

डी-२०१: मजकुरात काय लिहायचं नाही ते आधी सांगतो, कारण चूक तिथेच होते. "सहकुटुंब केरळला", फ्लॅट नंबर, किल्ली कोणाकडे आहे, परतीच्या गाडीची वेळ, यातलं काहीही नको. मे महिन्यात आपल्या इमारतीतली अर्धी घरं कुलूपबंद असतात, ते कोणाला लिहून कळवायची गरज नाही. अन् जीमेलमधली सही या उत्तराखाली आपोआप जोडली जाते. सहीत घरचा पत्ता आणि मोबाइल असेल तर तोही जातो. आधी सही तपासा.

ए-१०३: मग लिहू काय?

डी-२०१: हे घ्या, तारखा बदलून वापरा.

विषय: ३१ मेनंतर उत्तर देईन
नमस्कार. आपला ईमेल मिळाला. १० ते ३० मे मी ईमेल रोज पाहत नाही. तातडीचं काम असल्यास विषयात "तातडीचे" असं लिहून पुन्हा पाठवावे. बाकी पत्रांना ३१ मेनंतर उत्तर देईन.

ऑफिसचा मेल असेल तर तुमचं काम कोण बघणार त्याचं नाव आणि ईमेल द्या, पण त्याला आधी विचारून. तोही त्याच आठवड्यात रजेवर असेल तर पाठवणारा दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत येतो.

बी-१०४: मिहानमधल्या (आपल्या विमानतळाजवळच्या औद्योगिक भागातल्या) कंपन्यांत बहुतेक आउटलुक आहे, म्हणून तेही लिहून ठेवतो. जुन्या आउटलुकमध्ये फाइल, मग ऑटोमॅटिक रिप्लाइज. नव्यात सेटिंग्ज, अकाउंट्स, ऑटोमॅटिक रिप्लाइज. कंपनीच्या आतल्यांसाठी वेगळा मजकूर, बाहेरच्यांसाठी वेगळा. आत सहकाऱ्यांची नावं लिहा, बाहेर थोडक्यात आटपा. ठरावीक काळासाठीचा चौकोन टिक केला नाही तर हेही बंद होत नाही. उत्तर सर्व्हरवरून जातं, लॅपटॉप बंद असला तरी चालतं. मीटिंगच्या आमंत्रणांचं वेगळं बघा. ऑफिसच्या गुगल खात्यात त्यासाठी कॅलेंडरमध्ये वेगळं आउट ऑफ ऑफिस लावावं लागतं, मग आमंत्रणं आपोआप नाकारली जातात.

सी-१०२: माझ्या आउटलुकमध्ये ऑटोमॅटिक रिप्लाइज हे बटणच नाही. काहून?

बी-१०४: म्हणजे खातं एक्सचेंजचं (मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस मेल सर्व्हरचं) नाही, पॉप किंवा आयमॅपने (दुसऱ्या कंपनीचा मेल आउटलुकमध्ये आणायच्या पद्धतींनी) जोडलेलं आहे. त्यात टेम्प्लेट (तयार मजकूर) सेव्ह करून तो आपोआप पाठवायचा रूल बनवतात, पण तो रूल आउटलुक उघडं असेपर्यंतच चालतो. तुम्ही मेन स्विच पाडून जाणार, मग काहीच जाणार नाही. कॉम्प्युटर चालू ठेवून जायचा विचार मे महिन्यात तर नकोच. ज्यांच्याकडून मेल घेतला त्यांच्या वेबसाइटवर लॉगिन करून तिथे लावा. तिथे सीपॅनल (मेल आणि वेबसाइट सांभाळायचं पान) असेल तर ऑटोरिस्पॉन्डर्समध्ये सुरू आणि बंद व्हायची वेळ टाका, आणि इंटरव्हल, म्हणजे एकाच पत्त्याला परत उत्तर जाण्याआधीचं अंतर, तासांत द्या. ९६ टाकलं तर एका पत्त्याला ४ दिवसांत एकच उत्तर. तिथे शून्य ठेवलं तर प्रत्येक मेलला उत्तर जातं.

सी-४०१: ते शून्य फार महागात पडतं. समजा समोरच्यानेही तसंच लावलंय. तुमचं उत्तर त्याला गेलं, त्याचं यंत्र तुम्हाला उत्तर देणार, तुमचं परत त्याला, असं डबा भरेपर्यंत. तक्रार पोर्टलवर तर तुमच्या प्रत्येक ऑटो रिप्लायमधून नवीन तक्रार नोंदली जाऊ शकते. हे टाळायला २००४ पासून आरएफसी ३८३४ नावाचा नियम आहे. आपोआप गेलेल्या मेलवर तशी अदृश्य खूण असावी, आणि ती खूण दिसली की दुसऱ्या यंत्राने गप्प बसावं. जीमेल, आउटलुकची तयार सोय वापरली तर घोळ होत नाही. "आलेल्या प्रत्येक मेलला हा मजकूर पाठव" असा हाताने बनवलेला फिल्टर मात्र ती खूण बघेलच असं नाही. म्हणून फिल्टरने ऑटो रिप्लाय करू नका.

ए-२०४: माझ्या ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, ईमेलवर नाही. तिथे होतं का?

डी-२०१: साध्या व्हॉट्सॲपमध्ये नाही ताई, बिझनेस ॲपमध्ये आहे. बिझनेस टूल्स, अवे मेसेज, चालू करा, कस्टम शेड्यूलमध्ये तारखा टाका. कोणाला जावं तेही निवडता येतं. घरच्यांना वगळायचं असेल तर "यांना सोडून सगळ्यांना" असा पर्याय आहे. पण फोनचं इंटरनेट चालू असेल तेव्हाच मेसेज जातो. घाटात रेंज गेली तर तेवढा वेळ काही जाणार नाही.

बी-३०२, खजिनदार: सोसायटीच्या खात्यावर ऑटो रिप्लाय लावत नाही. सेक्रेटरी ताईंना आत्ताच आमंत्रण पाठवलं.

डी-३०४, सेक्रेटरी: मिळालं काकाजी, स्वीकारलं. उद्या खातं दिसलं की ग्रुपवर कळवते. १० तारखेपासून पावत्यांचे मेलही मी बघेन.