जुन्या बालपुस्तकातली खटकणारी ओळ: बदलावी की तशीच ठेवावी?

पानखूण (धागाकर्ती)
लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' १९३५ साली आलं. सुरुवातीलाच माळरानाचं वर्णन करताना लेखिका लिहून गेली होती की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) राहत होते. प्रकाशनसंस्थेत सतरा वर्षं ते कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. १९५२ मध्ये एका वाचकाचं पत्र आलं, लेखिकेने घोडचूक कबूल केली आणि १९५३ मध्ये 'माणसं' जाऊन 'वसाहतकरी' आले.

मी लेकीला नवी आवृत्ती वाचून दाखवली. 'वसाहतकरी नव्हते' यावर ती अडलीच नाही, अडेल कशाला? मग मी जुनं वाक्य सांगितलं. ती उठून बसली. "मग इंडियन कोण होते?" दहा व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या एका चुकीने झालं. म्हणून माझं मत, ओळी धुऊन काढू नयेत. मुलांसोबत बसावं आणि तिथे थांबावं.

काटकोन
साफ असहमत. तुमच्या लेकीला प्रश्न पडला, कारण ती ओळ तिच्याबद्दल नव्हती. वर्गात एखादी ओसेज (त्याच माळरानावरच्या मूळ रहिवासी जमातीतली) मुलगी बसली असेल आणि बाई हेच मोठ्याने वाचत असतील, तर पंचवीस माना कुणाकडे वळतील? बाकीच्यांना चिकित्सक वाचनाचा धडा मिळावा म्हणून तिने दर वर्षी अपमान गिळायचा का?

आणि मुलं आईसोबत वाचतात कुठे? ती पांघरुणात एकटी वाचतात. शिवाय बदल खुद्द लेखिकेला मान्य होता. तिच्यापेक्षा आपण तिच्या वाक्याला जास्त जपायचं, हे जरा अतीच.

शाईचा डाग
तुम्ही दोघं एका शब्दावर भांडताय, पुस्तक तर तिथेच आहे! इंगल्स कुटुंबाने ते घर कॅन्ससमध्ये ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर, कायद्याने परवानगी नसताना बांधलं होतं. शब्द बदलून यातलं काय बदललं? उलट 'वसाहतकरी नव्हते' म्हटल्यावर ती जमीन आणखीनच मोकळी वाटते.

त्याच पुस्तकात शेजारीण म्हणते की मेलेला इंडियन तेवढाच चांगला. वडिलांना ते पटत नाही. इथे मुलांना निदान दोन बाजू ऐकू येतात. सुरुवातीची ओळ मात्र निवेदकाची आहे, तिच्याशी वाद घालायला पुस्तकात कुणीच नाही. पात्र बोलतंय की पुस्तक बोलतंय, हा फरक आठ वर्षांच्या मुलालाही कळतो. चिकित्सक वाचन म्हणून काय शिकवायचं असेल तर आधी हे शिकवा.

बेल्जियन चित्रकथांमधल्या टिनटिन या नायकाची काँगो-सफर आठवा. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती. १९३१ च्या पुस्तकात तो फळ्यासमोर उभा राहून काँगोतल्या पोरांना त्यांची मातृभूमी म्हणजे बेल्जियम शिकवतो. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत त्याच फळ्यावर बेरीज आली. भूगोल पुसला, पण जाड ओठांची ती विद्रूप चित्रं राहिली. म्हणजे पुरावा गेला आणि टिंगल शिल्लक!

खिडकीपाशी
जुन्यावर किती दळण दळणार? बालसाहित्याच्या अभ्यासक नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतली तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. त्यांपैकी जेमतेम ६.७ टक्क्यांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेने म्हटलं की पुस्तक खिडकी असतं (दुसऱ्यांचं जग दाखवणारी), तसा आरसाही असतो (आपलं स्वतःचं रूप दाखवणारा). काही मुलांच्या वाट्याला आरसे येतच नाहीत, आणि काहींना आरशांखेरीज काही दिसत नाही, तेही वाईटच. एक ओळ सुधारून आरसा मिळत नाही हो.

उगीचच
टक्के मोजायला लागलं की पुस्तकं भरतीच्या यादीसारखी होतात. एक काळा मित्र, एक चाकाच्या खुर्चीतली मुलगी, संपलं वैविध्य. त्यांना गोष्टीत काम काय, तर नायकाचं कौतुक करणं. त्यापेक्षा एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२ चं 'द स्नोई डे' बघा. लाल कोटातला पीटर बर्फाचा गोळा खिशात ठेवतो, घरी येऊन बघतो तर खिसा रिकामा. तो काळा आहे हे मजकुरात कुठेच नाही, फक्त चित्रात आहे. लेखक गोरा म्हणून तेव्हाही बोलणी खावी लागली. माझ्या मते लिहिणाऱ्याची जात-रंग बघूच नये.

खिडकीपाशी
बघू नये हे म्हणायला सोपं आहे, पण मग इतकी वर्षं छापलं कोण गेलं? लुईज अर्डरिक या ओजिब्वे (अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात) वंशाच्या लेखिकेचं 'द बर्चबार्क हाउस' (१९९९) वाचा. इंगल्सच्या गोष्टीच्या वीसेक वर्षं आधीचा काळ, सुपीरियर सरोवरातलं बेट, ओमाकायास नावाची मुलगी. पानखूण, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तेही कुणी समजावून न सांगता.

काटकोन
एक सरळ प्रश्न, पानखूण. लेकीची ओसेज मैत्रीण घरी आली असती, तर ती जुनी ओळ वाचली असती?

पानखूण
नसती. म्हणजे माझा मुद्दा तेवढा लंगडा आहे, कबूल. पण मग वर्गातल्या बाईंनी काय करायचं, हे तुम्हीही सांगितलेलं नाही. बर्चबार्क मागवते. दोन्ही एकाच महिन्यात वाचू, लेक काय म्हणते ते इथे लिहीन.

काटकोन
लिहा. आणि आधी कुठलं वाचलं तेही लिहा, त्याने फरक पडतो.