मदत हवी: शनिवारी कोकणात उतरायचंय, सायकलला कोणता घाट बरा?

दम_लागला
मंडळी, येत्या शनिवारी कोल्हापूरकडून सायकलने वेंगुर्ल्याला जायचं ठरलंय, रविवारी परत. फोंडा, करूळ, आंबोली यातला कोणता घाट घ्यावा? एक अ‍ॅप चढ एवढासा दाखवतं, दुसरं त्याच्या दुप्पट. सायकल चांगली आहे, दमही आहे. फक्त घाट सांगा. उद्या रात्रीपर्यंत राहायचं बुकिंग करायचंय, त्यामुळे जरा लवकर.

गव्याची_वाट
फोंडा. विषय संपला. राधानगरीपर्यंत ऊस, मग धरणाचं पाणी आणि दाजीपूरला दोन्ही बाजूंनी जंगल. नोव्हेंबरात सकाळी त्या पट्ट्यात जी गार हवा असते ती बाकी कुठल्या घाटाला नाही. गव्यांसाठी १९५८ पासून राखलेलं रान आहे ते, त्यामुळे रस्त्यात गवा दिसला तर घंटी वाजवू नका, फोटोला पुढे जाऊ नका. लांब थांबायचं, तो जाईल तेव्हा आपण जायचं.

चेनला_तेल
कोणती सायकल? टायर किती मिमी? ब्रेक रिम की डिस्क? पुढची-मागची चकती किती दातांची? सामान पाठीवर की कॅरिअरवर? एकटे आहात का?
"सायकल चांगली आहे" यावरून काय सांगणार.

मुळामुठा
मी म्हणेन ताम्हिणी करा. मुळशीच्या पाण्याच्या कडेने जाणारा रस्ता, वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवा. पुण्याहून पहाटे निघालात तर दुपारी माणगावात जेवण.

गव्याची_वाट
@मुळामुठा, माणूस कोल्हापूरकडून निघतोय. पुण्याला येऊन मग ताम्हिणी करू म्हणता?

मुळामुठा
पर्याय सुचवला. धाग्यावर वाचणारे बाकीचेही असतात.

बावड्याचा_बाळू
करूळ कुणी सुचवेना म्हणून सांगतो. गगनबावड्यापर्यंत कोल्हापुरातून साधारण ५५ किमी, रस्ता बऱ्यापैकी सरळ. बावड्यात दोन फाटे, एक करूळ घाटातून वैभववाडीला आणि दुसरा भुईबावडा घाटातून खारेपाटणच्या अंगाला. करूळ मध्ये कामासाठी बराच काळ बंद होता, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. भुईबावडा अरुंद आहे पण वाहनं कमी. मला विचाराल तर भुईबावडाच.
पण भावा, वेंगुर्ला तिथून लांब पडतं बघ.

चेनला_तेल
फोंड्यानेही तेच. फोंड्यातून उतरलं की कणकवली, मग हायवेने कुडाळ आणि तिथून वेंगुर्ला. कोल्हापुरातून धरलं तर दीडशेच्या वर जातं. एका दिवसात होईल, पण शेवटचे तास चौपदरीवर ट्रकच्या वाऱ्यात. गव्याची_वाट यांनी जंगल सांगितलं, हायवे सांगितला नाही.

गव्याची_वाट
विचारलं होतं घाट कोणता, मी घाट सांगितला.

दम_लागला
सगळ्यांचे आभार. सायकल रोड बाईक, २५ चे टायर, रिम ब्रेक, अ‍ॅल्युमिनियमच्या रिम. मागे सगळ्यात मोठी चकती २८ दातांची. सामान थोडं, सीटखालच्या पिशवीत.
आणि मी कोल्हापुरातून निघत नाहीये. गडहिंग्लजहून निघतोय. "कोल्हापूरकडून" लिहिलंय वर.

बावड्याचा_बाळू
गडहिंग्लज!! मग फोंडा-करूळ कशाला काढलास लेका?

दम_लागला
नावं ऐकून होतो म्हणून विचारलं. प्रश्न अजून तोच आहे.

मोती_तलाव
मग आंबोलीच. आमच्या सावंतवाडीसून वेंगुर्ला काय लांब नाय, २८-३० किमी. येवा, चाय पिवा आणि पुढे जावा.
गडहिंग्लज-आजरा-आंबोली-सावंतवाडी-वेंगुर्ला मिळून ११०-११५ किमी धरा. यात एक गंमत आहे. तुम्ही गडहिंग्लजहून आंबोलीला जाता तेव्हा जवळजवळ हिरण्यकेशीच्या खोऱ्यातूनच वर जाता. नदी आंबोलीला उगवते आणि आजरा-गडहिंग्लजकडे वाहत येते. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आणि तुम्ही मुळात घाटमाथ्यावरच राहता, त्यामुळे जाताना अंगावर येणारा चढ नाहीच. टेकाडं लागतात, ती चालायचीच. घाट म्हणून जो आहे तो फक्त उताराचा. तुमची दोन अ‍ॅप भांडतायत ती बहुधा त्या टेकाडांच्या बेरजेवरून.
खरा प्रश्न रविवारचा आहे. परत कसे येणार?

चेनला_तेल
+१. आणि २८ दातांवर. पुढे ३४ ची लहान चकती असेल तर ठीक. ३९ असेल तर येताना घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीच्या पुढे पाय बोलतील. चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, भिंत कुठेच नाही, पण संपत नाही.

उतारवय
त्याआधी उताराचं बोलू. रिम ब्रेकने आंबोली उतरणार असाल तर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाच्या आधी जोरात, मग सोडा. पुढचा-मागचा दोन्ही वापरा. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमला बोट लावून बघा. चटका बसला तर पाच मिनिटं थांबा, धबधब्याजवळ थांबायला जागा आहे. रिम तापली की आतली ट्यूब वळणावर फुटते, आणि फुटते तेव्हा हातात काही राहत नाही. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरून निघू नका.

सिंगलस्पीड
एवढी भीती कशाला? आमच्या वडिलांनी काळ्या सायकलवर दुधाचे कॅन लावून हा घाट उतरलाय. डिस्क, रिम, कॅसेट, सगळी दुकानदारांची भाषा.

उतारवय
तेव्हा घाटात आजच्याएवढ्या गाड्या होत्या का? वडिलांना नमस्कार, पण सल्ला त्यांच्या पायांच्या जोरावर देऊ नका.

हिरवा_चतुर
आंबोलीत थांबणार असाल तर हिरण्यकेशीचा उगम जरूर बघा. गुहेतून पाणी येतं. तिथल्या माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही नवी जात २०२० मध्ये नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कृपया पाण्यात पाय घालून बसू नका, बिस्किटं टाकू नका. घाटात माकडांनाही खायला देऊ नका. सायकलवाल्यांच्या मागच्या पिशवीची चेन ती उघडतात.

आजऱ्याची_पोर
अवांतर: आजऱ्यात थांबलात तर घनसाळ तांदूळ घ्या. येताना घ्या, जाताना ओझं.
अवांतर नाही ते: गळीत हंगाम चालू झालाय. गडहिंग्लज-आजरा रस्त्यावर पहाटे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, एखादा कापडाचा तुकडा फडफडत असतो तेवढाच. मोळीतून ऊस रस्त्यावर पडतो, टायरखाली चिरडतो, आणि दवाने भिजलेली ती चिपाडं पंचवीसच्या टायरला सरळ खाली घेतात. उजाडल्याशिवाय निघू नका.

दम_लागला
हे कामाचं. पण उजाडल्यावर निघालो तर ऊन?

आजऱ्याची_पोर
नोव्हेंबर आहे. आंबोलीत दहा वाजताही धुकं असू शकतं, जॅकेट ठेवा. ऊन लागेल ते खाली, दाणोलीनंतर.

रुळावरून
परत येताना सावंतवाडी रोडहून रेल्वेने या ना. सायकल लगेज म्हणून बुक होते.

मोती_तलाव
रेल्वेने खंय येतले? कोकण रेल्वे कोल्हापूरला जातच नाही. मडगाव-मिरज करून यायचं तर सोमवार उजाडेल.

रुळावरून
वैभववाडी-कोल्हापूर मार्ग होणार आहे.

बावड्याचा_बाळू
होईल तेव्हा माझी नातवंडं सायकल चालवत असतील. एसटी बघा. सावंतवाडीहून आंबोलीमार्गे वर येणाऱ्या गाड्या आहेत. टपावर कॅरिअर असलेली गाडी मिळाली तर सायकल वर, सामानाचं वेगळं तिकीट. पण कॅरिअर नसलेल्या गाड्या वाढल्यात, त्या भरवशावर राहू नका.

मोती_तलाव
नाहीतर मासळीचा टेम्पो. वेंगुर्ल्याहून वर बाजारात जातात, ओळखीने सोडतात. सायकल दोनदा धुवावी लागेल.

दम_लागला
मी चढूनच येणार. टेम्पो लागला तर मित्राला लागेल.

चेनला_तेल
कोण मित्र? मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं एकटे आहात का.

दम_लागला
मित्र बरोबर आहे. तो रोज सायकलने कामावर जातो, त्याला सवय आहे. त्याची बिनगिअरची आहे.

सिंगलस्पीड
शाब्बास!

उतारवय
शाब्बास काय? कामावर किती किलोमीटर? ब्रेक कसले, सळईचे की वायरचे? सळईचे असतील तर घाट उतरताना त्याने सायकल हातात धरून चालावं. हे मी गमतीने म्हणत नाही.

दम_लागला
वायरचे. कामावर जाऊन-येऊन १२ किमी.

मोती_तलाव
मग त्याका आंबोलीपर्यंत आणा. घाट सावकाश उतरा, सावंतवाडीत तळ्याकाठी जेवण करा आणि तिथेच मुक्काम. वेंगुर्ल्याचं बुकिंग नको. पुढचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, पण कोकणातला रस्ता सारखा खाली-वर करतो, दुपारी तिथेच माणूस मोडतो. सावंतवाडीत राहिलात तर रविवारी सकाळी सहाला तुम्ही चढाला लागा, तो पहिली एसटी बघेल. तुम्हाला आंबोलीत गाठेल.

दम_लागला
समुद्र राहिला मग.

मोती_तलाव
समुद्र खंय जाता? तुम्ही एकटे संध्याकाळी रिकाम्या सायकलने वेंगुर्ल्याला जाऊन या, किंवा येताना रिक्षा करा.

मुळामुठा
ताम्हिणीला जानेवारीत कोण येणार? वेगळा धागा काढतो.

उतारवय
@दम_लागला, मित्राचे ब्रेकचे रबर शुक्रवारी बदला. नवे लावल्यावर गावातल्या उतारावर आधी घासून बघा. आणि दोघांच्या ट्यूबचा आकार एक नाही, सुट्या ट्यूब दोन्ही आकारांच्या घ्या. त्याच्या मागच्या चाकाला नट असतील, पान्हा लागेल.

दम_लागला
पान्हा कितीचा?

उतारवय
बहुतेक १५ चा. नट बघून घ्या, इथे विचारू नका.