छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल वाकलाय: सरळ करून पट्टी मारावी की नवा टाकावा?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी. 20 एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, मागे 400 लिटरचा उचलणीचा ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र). ओळीच्या टोकाला चर आहे. तो ओलांडताना पुढची चाकं उचलतात आणि आदळतात. अ‍ॅक्सल 60×60 चा चौकोनी बॉक्स, जाडी 6 मिमी, मधे सेंटर पिनची (अ‍ॅक्सल जिच्यावर डोलतो ती) नळी, टोकांना किंगपिनचे (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिचे) बॉस, म्हणजे भोकाचे जाड ठोकळे. चाकांमधलं अंतर 1 मीटर. उजवं चाक वरून आत झुकलंय आणि टायर आतल्या कडेने खातोय. अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगावर दोरी ताणली तर नळीच्या उजवीकडे 7 मिमी पोकळी दिसते. वेल्डर म्हणतो, गॅसने लाल करून घणाने सरळ करू आणि दोन्ही बगलांना 8 मिमीची पट्टी मारू. काम द्यावं का?

लेथ_प्रेस_वाला
दादा, थांबा. आधी धातू कुठला ते बघा. कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवा. ठिणग्या लांब, पिवळ्या-पांढऱ्या आल्या तर पोलाद. आखूड, लालसर आणि दगडाजवळच विझणाऱ्या असतील तर बीड (ओतीव लोखंड). बीडाचा अ‍ॅक्सल सरळ करायचा नसतो, तो बदलायचाच. तुमचा बॉक्स वाकलाय, तुटला नाही, म्हणजे पोलादच असणार. पण बॉसची खात्री वेगळी करा.

मग अ‍ॅक्सल खाली उतरवा. ट्रॅक्टरवर ठेवून घण मारला तर प्रत्येक ठोका सेंटर पिनमधून समोरच्या ब्रॅकेटला बसतो. तो ब्रॅकेट बिडाचा असतो आणि इंजिनच्या पुढच्या तोंडावर बोल्टने बसलेला असतो. त्याला तडा गेला तर अ‍ॅक्सलच्या कैकपट खर्च. इंजिनखाली घोड्या लावा, नुसत्या जॅकवर काम करू नका.

उतरवल्यावर चार मापं घ्या. वरच्या अंगावर दोरी, पुढच्या अंगावर दोरी, दोन्ही बॉसमध्ये जुन्या किंगपिन घालून त्यांचा कल, आणि पिनच्या वरच्या व खालच्या टोकांमधली अंतरं. पुढच्या अंगालाही फरक निघाला तर चाक कशाला तरी धडकून मागे गेलंय. तेव्हा नुसतं वर-खाली सरळ करून भागत नाही, ट्रॅक्टर एका बाजूला ओढतच राहतो.

सरळ करायचं ते थंड, हायड्रॉलिक प्रेसवर. 60 च्या बॉक्सला 50 टनाचा प्रेस पुरतो. अ‍ॅक्सल उलटा ठेवा, वाकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना व्ही-ब्लॉक आणि दाबाखाली निदान 20 मिमी जाड, 80 मिमी लांब पट्टा. प्रेसचं टोक थेट भिंतीवर टेकलं की बॉक्स सरळ होण्याआधी भिंत आत बसते. दाब सोडला की लोखंड थोडं परत येतं, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यायचं, सोडायचं, दोरी लावायची, पुन्हा. शेवटी 1 ते 1.5 मिमीच्या आत आला की पुरे.

वरच्या भिंतीवर चुणी पडली असेल तर सरळ करण्यात अर्थ नाही. तो तुकडा कापून नवा घालावा किंवा अ‍ॅक्सलच नवा घ्यावा.

खोडकिडा
गॅस वापरलाच तर काय बिघडतं? सगळेच वापरतात.

लेथ_प्रेस_वाला
साध्या पोलादाच्या बॉक्सला मंद लाल, साधारण 600 ते 650 अंशांपर्यंत, तापवणं चालतं. बिघडतं ते पुढे. घाईत भगवा-पिवळा होईपर्यंत तापवतात आणि थंड करायला पाणी ओततात. मग एकाच अ‍ॅक्सलमध्ये एक पट्टा मऊ, शेजारचा कडक, आणि पुढचा वाक त्याच सीमेवर. तापवलंच तर हवेत निवू द्या. घडीव अ‍ॅक्सलला, स्पिंडलला (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) आणि स्टिअरिंग आर्मला गॅस अजिबात लावायचा नाही. त्यांना कडक करायला कारखान्यात मुद्दाम पाणी दिलेलं असतं, ते एकदा उतरलं की साध्या गॅरेजात परत येत नाही. वाकलेलं स्पिंडल सरळही करू नका, बदला. ते चालत्या ट्रॅक्टरखाली तुटतं आणि चाक निघून जातं.

पोलाद_गणित
पट्टी बगलेला मारणं हा या धाग्यातला सगळ्यात महाग सल्ला आहे, म्हणून आकडे देतो.

मधे पिनवर वजन, टोकांना चाकं: म्हणजे अ‍ॅक्सलचा तळ ताणला जातो आणि माथा दाबला जातो. सगळ्यात जास्त ताण मध्याला, नळीच्या आसपास. तुमच्या बॉक्सचा वाकण्याला विरोध करणारा आकडा (सेक्शन मॉड्युलस) साधारण 21.3 घन सेंमी. 50×8 च्या दोन पट्ट्या बगलांना उभ्या मारल्या तर तो 26.8 होतो, म्हणजे 26 टक्के वाढ. त्याच दोन पट्ट्या एक वर, एक खाली मारल्या तर 41.2, म्हणजे जवळजवळ दुप्पट. लोखंड तेवढंच, वेल्डिंगही तेवढंच.

बॉक्समध्ये सळई ठोकणारेही भेटतात. 45 मिमीची सळई मीटरला साडेबारा किलो वजन वाढवते आणि कडकपणा 32 टक्के. बॉक्सच्या पोटात घातलेलं लोखंड वाकण्याच्या कामी फार येत नाही.

आता बळ किती लागतं ते. पुढे 600 किलो धरले तर उभ्या ट्रॅक्टरला मध्यावर साधारण 70 मेगापास्कल ताण येतो. साध्या पोलादाची कायमची वाकण्याची मर्यादा 250. म्हणजे स्थिर वजनाच्या साडेतीनपट धक्का बसला की संपलं, आणि चरात आदळताना, त्यातही एकच चाक आधी टेकलं तर, तेवढा धक्का सहज बसतो. वर-खाली पट्ट्यांनी तोच ताण 36 वर येतो.

पट्टी टोकापासून टोकापर्यंत नको. मध्यापासून 300 मिमीवर ताण मधल्याच्या 40 टक्केच उरतो. म्हणून 600 मिमी लांबीच्या दोन पट्ट्या पुरतात, दोन्ही मिळून पावणेचार किलो. बॉसजवळ वेल्डिंग गेलं तर किंगपिनचं भोक तिरकं होतं, तेही टळतं.

द्राक्षबाग_तासगाव
ठिणग्या लांब आहेत, पोलादच. पुढच्या अंगाला फरक नाही. चुणी नाही. पण माथ्यावर पट्टी मारली तर ब्रॅकेटला लागेल असं वाटतंय. फक्त खाली मारली तर?

पोलाद_गणित
फक्त खाली मारली तर तळाला 56 टक्के फायदा, माथ्याला 23 टक्केच. पट्टी एकीकडेच असली की तटस्थ रेषा (जिथे ना ताण ना दाब) खाली सरकते आणि माथा आणखी दूर जातो. शक्य असेल तर वर मारा, नळीच्या अलीकडे-पलीकडे दोन तुकड्यांत तरी. पण अ‍ॅक्सल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे झुकवून बघा, पट्टी ब्रॅकेटला टेकण्याआधी मूळ स्टॉपर टेकला पाहिजे. नाहीतर अ‍ॅक्सल डोलायचा थांबतो आणि सगळं वजन ब्रॅकेट उचलतो.

बॉक्सचे कोपरे गोल असतील तर 50 ची पट्टी कडेला अधांतरी राहते. तेव्हा 40×10 घ्या, लोखंड तेवढंच.

वेल्डिंग_मिरज
आता वेल्डिंग, कारण बरीचशी कामं इथेच फसतात.

आधी रंग आणि ग्रीस पूर्ण काढा, मग नळीच्या कडेने डाय टेस्ट (तडा दाखवणारी रंगाची तपासणी) करा. लाल द्रव 10 मिनिटं, पुसून पांढरा डेव्हलपर. नळीच्या खालच्या जोडाला बारीक तडा हमखास सापडतो. सापडला तर टोकाला 4-5 मिमीचं भोक पाडा, 60 अंशाची खाच काढा, भरा, घासून सपाट करा, मगच पट्टी. तड्यावर पट्टी झाकली तर तडा आतून वाढत राहतो.

रॉड ई 7018, 3.15 मिमीचा, 100 ते 140 अँपिअर. पाकीट उघडं पडलेलं असेल तर आधी ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर तास-दीड तास भाजून घ्या. ओल्या रॉडमधला हायड्रोजन नंतर जोडाखाली तडा पाडतो, आणि तो लगेच दिसत नाही. 6013 चा जोड गुळगुळीत दिसतो, पण धक्क्याच्या कामाला मी 7018 च सांगेन.

पट्टीची टोकं चौकोनी ठेवू नका, माशाच्या शेपटीसारखी किंवा निमुळती कापा. दोन्ही लांब कडांना 5 मिमीचा जोड घ्या आणि शेवटाच्या 15-20 मिमी अलीकडे थांबा. टोकाला आडवा जोड तळाच्या अंगावर कधीच नाही, ताणाखालचा तडा तिथूनच निघतो. वरच्या आणि खालच्या पट्टीची टोकं एका रेषेत येऊ देऊ नका, 30-40 मिमी मागेपुढे ठेवा.

जोड जिकडे, तिकडे लोखंड ओढलं जातं. खालची पट्टी सलग ओढली तर प्रेसवर केलेलं काम वाया. 50 मिमी खाली, उलटवून 50 मिमी वर, मग दुसऱ्या टोकाला, असं फिरत राहा, आणि दर फेरीला दोरी. काम अ‍ॅक्सल काढून करताय म्हणून बेरिंग सुरक्षित आहेत. ट्रॅक्टरवरच करत असाल तर बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा क्लॅम्प अ‍ॅक्सललाच लावा, करंट बेरिंगमधून गेला की त्यांच्यावर डाग पडतात. नळीचं ग्रीस निपल पट्टीखाली दडणार असेल तर आधी भोक पाडून ठेवा.

ट्रॅक्टर_फिटर_निफाड
वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट ठासून सांगतो: अ‍ॅक्सल यापेक्षा जाड करू नका. 12-16 मिमीच्या पट्ट्या चार बाजूंनी लावलेले अ‍ॅक्सल वाकत नाहीत हे खरं, मग धक्का सेंटर पिन, स्पिंडल आणि समोरच्या ब्रॅकेटला जातो. या साखळीत अ‍ॅक्सल हाच सगळ्यात स्वस्त आणि बदलायला सोपा भाग. तुटायचंच असेल तर त्याने तुटावं.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी इथलं काहीही करू नये. तिथे अ‍ॅक्सल म्हणजे गिअर आणि शाफ्टचं बिडाचं घर असतं. सरळ करायला गेलात तर सील गळतात आणि बेव्हल गिअर खातात.

बसवताना सेंटर पिनचा बुश बघा. अ‍ॅक्सल मागेपुढे हलत असेल तर नवा बुश दाबून मग रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारा, आधी नाही. हबचा नट चाक फिरवत घट्ट करा, एक षष्ठांश फेरा मागे घ्या, स्प्लिट पिन लावा. जुनी पिन परत नको.

मग टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत. दोन्ही टायरच्या मध्यावर हबच्या उंचीला खडूची खूण, पुढून अंतर मोजा, ट्रॅक्टर ढकलून खूण मागे न्या, पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी हवं. किती, ते तुमच्या पुस्तकात असतं. पुस्तक नसेल तर 3 ते 6 मिमीवर ठेवा आणि टायर बघत राहा. आकडा जमत नसेल तर टाय रॉड वाकलाय का ते बघा, अ‍ॅक्सलबरोबर तोही वाकतो.

द्राक्षबाग_तासगाव
मनापासून आभार. बगलेच्या पट्ट्या रद्द, वर-खाली मारतो. चराचं काय करू?

ट्रॅक्टर_फिटर_निफाड
चराला दोन्ही कडांनी उतार द्या, किंवा तिथे सिमेंटचा पाइप टाकून माती भरा. पुढे कंपनीचे वजनाचे तुकडे लावा, पण त्यांच्या पुस्तकात जेवढे सांगितलेत तेवढेच. पुढची चाकं उचलली नाहीत की आदळायचीही नाहीत. टाकी भरलेली असताना चर पहिल्या गिअरमध्ये आणि सरळ ओलांडा. तिरका घेतला की सगळा धक्का एका चाकावर येतो.

50 तास चालल्यावर पट्टीची चारही टोकं तारेच्या ब्रशने घासून डाय टेस्ट पुन्हा करा. रंग तोवर पातळच मारा, जाड रंगाखाली तडा दिसत नाही.