मूल झाल्यावर तुमच्या कामाचं नेमकं काय झालं?

कलाकाराला मूल झालं की लोक दोनच गोष्टी विचारतात. "आता कसं जमणार?" नाहीतर "आता आणखी छान सुचत असेल ना!" इथे दोन्ही नकोत. माध्यम, वेळ, पैसे यांचं काय झालं ते लिहा. बाबांनीही लिहा, त्यांना एरवी कुणी विचारत नाही.

सुरुवात मीच करते. मी तैलरंगात काम करायचे, तेही राहत्या घरात. मुलगी रांगायला लागली तसं टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं द्रावण, त्याची वाफ बाधते) बंद केलं, कॅडमियमचे विषारी रंग माळ्यावर टाकले. जलरंगांकडे वळले ते निव्वळ नाइलाजानं. तैलरंग पटला नाही तर दुसऱ्या दिवशी खरवडता येतो. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, ओला असतानाच काय ते ठरवावं लागतं, आणि हाक नेमकी तेव्हाच येते. परत येईपर्यंत रंग अर्धवट वाळून कडा उमटलेल्या. आधी असे कागद फाडायचे, मग त्या कडा धरूनच चित्र पुढे न्यायला लागले. प्रदर्शनात लोक हमखास त्याच कडांबद्दल विचारतात. खरं कारण सांगितलं की जरा हिरमुसतात.

– मी फोटोग्राफर, बायको नर्तकी. मी महिनाभर बाहेर गेलो तर "किती काम करतो!" तिनं दौरा घेतला तर "मूल कुणाकडे?" माझ्या करिअरचं काही बिघडलं नाही. तिचं बिघडलं.

– शिल्पकार आहे. आई झाले म्हणून आता 'माता आणि बालक' घडवेन अशी सगळ्यांची खात्री! ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थला 1934 मध्ये तिळी मुलं झाली, आधीचा एक मुलगा होताच. त्यानंतर ती पुन्हा कामाला लागली तेव्हा तिची शिल्पं उलट पूर्ण अमूर्त झाली होती. मलाही घरी इतकं बालक पुरतं की दगडात आणखी नको वाटतं.

– वरच्या ताईंना अनुमोदन, पण घरकामच विषय झाल्याचंही उदाहरण आहे. अमेरिकन कलाकार मिअर्ल लेडरमन उकेलिस यांना 1968 मध्ये मूल झालं. 1969 च्या जाहीरनाम्यात त्यांनी धुणं, पुसणं, सांभाळणं हीच माझी कला असं मांडलं, आणि 1973 मध्ये एका संग्रहालयाच्या पायऱ्या खरोखर घासून धुतल्या.

– कादंबरी बाजूला ठेवून अनुवाद घेतले. कादंबरीतली माणसं दिवसभर डोक्यात जागी ठेवावी लागतात. अनुवाद वाक्याच्या मधेच सोडून उठता येतो. पैसेही वेळेवर मिळतात. रात्री मूल झोपल्यावर लिहा म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन झोपवून दाखवावं.

– एका रेसिडेन्सीला (कलाकारानं काही काळ तिथंच राहून काम करायचं असतं) निवड झाली, पण मूल सोबत चालणार नाही म्हणाले. सोडली. आता ते मोठं झालंय, तर फेलोशिपच्या जाहिरातीत 'पस्तिशीच्या आतील उदयोन्मुख कलाकार'. माझा उदय चाळिशीनंतर चाललाय. वयाची अट नसलेली एखादी माहीत असेल तर कळवा, अर्ज तयार आहे.