मदत हवी आहे: बॉन्डचे उरलेले पैसे आमच्या रस्त्याला कसे मागायचे?

उत्तरडॅलस
मंगळवारी सिटी कौन्सिलची सभा आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. शहराच्या बॉन्डचे (लोकांच्या मताने काढलेल्या कर्जाचे) पैसे उरलेत आणि ते जास्तीच्या रस्तेदुरुस्तीला वापरणार आहेत. यादीत आमचं नाव नाही. रस्त्याचा स्लॅब इतका वर आलाय की गाडी रोज खालून घासते. बोलायला तीन मिनिटं मिळतात. काय बोलू? 'सिटीला फोन करा' हा सल्ला नको, करून झालाय.

घाटपांडे_काका
कुठलं शहर? कुठल्या वर्षीचा बॉन्ड?

उत्तरडॅलस
डॅलसजवळचं. नाव लिहीत नाही, शेजारी वाचतात इथे. त्याने काय फरक पडतो?

घाटपांडे_काका
सगळा फरक त्यानेच पडतो. टेक्ससमध्ये बॉन्डचे कामानुसार वेगळे प्रस्ताव, म्हणजे प्रपोजिशन असतात आणि लोक प्रत्येक प्रपोजिशनवर वेगळं मत देतात. खुद्द डॅलसचा 2024 चा बॉन्ड 125 कोटी डॉलरचा होता आणि त्यात रस्त्यांचं प्रपोजिशन वेगळं होतं, 52 कोटींच्या वरचं. फायर स्टेशनसाठी मंजूर झालेला पैसा रस्त्यावर ओतता येत नाही. तुमचा उरलेला पैसा नेमका कुठल्या प्रपोजिशनचा ते आधी बघा.

सदाशिव_पेठ
पुणे मनपाने 2017 ला 200 कोटींचे रोखे काढले, 7.59 टक्क्यांनी, चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी. ज्या कामासाठी रोखे त्याच कामाला पैसा, हा सेबीचाही नियम आहे. तुम्हाला वाटतं अमेरिकेतच शिस्त असते.

मोगरा
धागा पुण्याचा नाहीये हो.

करदाता
उरलेत ना, मग कर्ज फेडा! घराच्या टॅक्सच्या बिलात 'आय अँड एस' म्हणून जो आकडा असतो तो या कर्जाचाच असतो. इन्कम टॅक्स नाही म्हणून टेक्सस स्वस्त म्हणणाऱ्यांनी घराचं बिल बघावं एकदा.

परभणीकर
रस्ता काँक्रीटचाच असणार. तिकडची ब्लॅकलँड माती म्हणजे आमच्याकडची काळी रानंच: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. वरून डांबराचा पॅच मारून काही उपयोग नाही. स्लॅबखाली फोम भरून खचलेली बाजू वर आणायला सांगा, तासाभरात काम होतं. आमच्या ड्राइव्हवेला केलं होतं, अजून टिकलंय.

सिव्हिलवाला
फोमचा नाद सोडा. माती परत हलली की स्लॅब परत हलणार. जुना स्लॅब काढायचा, खालच्या मातीत चुना मिसळून ती पक्की करायची आणि मग नवं काँक्रीट. शिवाय फोम ही देखभाल झाली. वीस वर्षं फेडायच्या कर्जातून देखभाल करत नाहीत, तिला दरवर्षीचं बजेट असतं. नव्याने बांधा म्हणालात तर बॉन्डमध्ये बसेल.

परभणीकर
ड्राइव्हवे माझा टिकलाय, तुमचा नाही.

रोहिणी_प्लेनो
गाडी घासत असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली असेल. कॉस्टकोत करून घ्या, टायरपण बघतील.

मोगरा
कॉस्टकोत अलाइनमेंट करत नाहीत.

उत्तरडॅलस
टायरचं कोणी विचारलंय का? प्रपोजिशनचा मजकूर मिळाला: 'रस्ते, अ‍ॅली आणि फुटपाथ'. म्हणजे आमची अ‍ॅली बसते ना?

घाटपांडे_काका
अ‍ॅली??

उत्तरडॅलस
हो, घरांमागची गल्ली. गॅरेज मागच्या बाजूलाच असतं ना सगळ्यांचं.

घाटपांडे_काका
असो. शब्द आहे म्हणजे कायद्याने बसते. आता यादी कशावरून केली ते विचारा. बरीच शहरं रस्त्याच्या स्थितीला 0 ते 100 गुण देतात आणि कमी गुणवाले आधी घेतात. रस्त्यांचे गुण काढलेले असतात, अ‍ॅलीचे बऱ्याचदा नसतात. इथेच धरा: 'आमच्या अ‍ॅलीला गुण किती, आणि काढलेच नसतील तर यादीतून वगळली कशाच्या आधारावर?' आणि हो, गाडी कशी घासते ते सांगत बसू नका, तीन मिनिटं त्यातच जातील. कचऱ्याचा ट्रक अ‍ॅलीतून जात असेल तर तेवढं जरूर सांगा, तो शहराच्या कामासाठी येतो.

सिव्हिलवाला
घाई शहरालाही असते. करमुक्त बॉन्ड काढताना तीन वर्षांत 85 टक्के पैसे खर्च होतील अशी अपेक्षा दाखवावी लागते. पैसा पडून राहिलेला त्यांनाही नको असतो. तयार प्रस्ताव घेऊन जा.

करदाता
पडून राहिलेला नको तर फेडा म्हणतोय मी.

उत्तरडॅलस
ट्रक जातो, दर गुरुवारी. गुण कोणाकडे मागायचे, पब्लिक वर्क्सकडे की इंजिनिअरिंगकडे? उद्या सकाळी ईमेल टाकतो.